निंबाखालची पहार

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. बोलत नाही म्हणजे बोलतच नाही. शाळेत मी चाळीस पोरापोरींना घसा फोडून विज्ञान शिकवायचे आणि घरी आले की ओट्यावर लोटननाना दिसले रे दिसले, पदर कपाळाखाली ओढून भिंतीकडे तोंड करायचे. लोटननाना माझे थोरले जेठ. माणूस वाईट नव्हता हो, पण रीत म्हणजे रीत. त्यांना भाकरी हवी असली तर त्यांनी सासूबाईंना सांगायचं आणि मी शेजारी उभी राहून ऐकलंच नाही असं दाखवून वाढायची. या प्रकाराची मला तेव्हाही चीड होती आणि आजही आहे.

आमच्या दोघांमधला टपालवाला म्हणजे त्यांची लेक मंजुळा. लहानपणापासून ती हेच काम करायची. "दादा, काकू म्हणते बैल कुंपणात शिरलाय." "काकू, दादा म्हणतात शाळेला उशीर होईल." पुढे माझ्याच वर्गात दहावीला बसली, विज्ञानात पहिली आली. मला मूल नव्हतं. मंजू होती, आणि ती पुरेशी होती. दोन वर्षांनी फाल्गुनात तिचं लग्न झालं, पोरगी पारोळ्याला दिली, आणि आमच्या घरातलं टपाल बंद पडलं.

ही सत्याऐंशी सालची गोष्ट आहे. धुळ्याहून एस.टी.नं तासाभरावर आमचं गाव. चैत्रात एका दुपारी असं वावधान सुटलं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावरची न्यूट्रलची तार तुटून लोंबायला लागली. वीज एका तारेनं घरात येते, बल्बातून जाते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. ही परतीची तार म्हणजे न्यूट्रल. येणारी तार शाबूत, जाणारी तुटलेली. गल्ली अंधारात गेली. वायरमन दोन गावांना मिळून एक, आणि लग्नसराई चालू. तो अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, येतो म्हणाला.

तोवर दम कुणाला होता. नानांनी कुठून तरी युक्ती ऐकून आणली होती. अंगणातल्या निंबाखाली न्हाणीचं पाणी जिरायचं, तिथं त्यांनी लोखंडी पहार ठोकली आणि आपल्या घराची परतीची तार सोडवून तिला गुंडाळली. वीज बल्बातून निघाली की पहारेतून जमिनीत. दिवा लागला. गल्ली बघायला लोटली. आठवड्याभरात घरोघरी अंगणात पहारी ठोकल्या गेल्या आणि नाना गल्लीचे इंजिनिअर झाले.

बरं, उन्हाळा तो. माती वाळत चालली तसे दिवे मंद व्हायला लागले. त्यावरही नानांकडे उपाय होता. पहारेच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं. माती पाणी पिते तसा दिवा हळूहळू उजळतो, जणू कुणी वात सारतंय. पोरांना मौज वाटायची. दिवेलागणीला प्रत्येक अंगणात कुणी ना कुणी तांब्या घेऊन पहारेकडे निघालेलं दिसायचं, तुळशीला पाणी घालावं तसं. मी पोरांना तिथून हाकलायचे.

कारण मला ठाऊक होतं त्या पहारेवर काय बसलंय ते. मी टेस्टर लावून बघितला होता. आतला लहानसा दिवा लालभडक पेटला.

पाणी ओतलं की निंबाखाली गांडुळं वर यायची. ऐन चैत्रात, वळवळत, एकमेकांवर पडत. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "गांडोळ निंघनात, औंदा पानी चांगला पडी." गांडुळं पावसाला भुलून येत नव्हती. खाली मातीत वीज होती, तिथं त्यांना टिकाव नव्हता. आमची म्हैस बारा महिने त्या सावलीत बसणारी, ती निंबाखाली जाईना. दोन पावलं टाकायची, पाय उचलून धरायची आणि उन्हात जाऊन उभी राहायची. नानांनी तिला दोन काठ्या हाणल्या. जनावराला कळलं आणि माणसाला कळेना, यापरतं दुसरं दुर्दैव नाही.

मी गप्प बसले असं कुणी म्हणू नये. नवऱ्याला सांगितलं. आमचे हे धुळ्याला कचेरीत, शनिवारी यायचे. नानांपुढे त्यांची मान कधी वर झाली नाही, तरी बिचारे बोलले. नानांनी पान जमवत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जीवराम, तुनी मास्तरीनले सांग, शाळा शाळामा ऱ्हाऊ दे." सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, लोटन लहानपणापासून हुशार आहे. शेवटी एका दुपारी मी स्वतःच तार सोडून टाकली. संध्याकाळी नानांनी ती परत गुंडाळली, अगोदरपेक्षा घट्ट, आणि सासूबाईंनी मला घराण्याची रीत ऐकवली.

अखाजीला मंजू माहेरी आली. लग्नानंतरची पहिली अखाजी. हातभर बांगड्या, नवं लुगडं, पण आल्या आल्या माझ्या चुलीपाशी येऊन बसली आणि ताटातली सांजोरी मोडून खायला लागली. मी तिच्याकडे सगळं ओकून टाकलं.

"दिवा मंद होतो म्हणजे काय होतं, सांग," मी म्हटलं. सवयच आहे माझी, प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देत नाही.

"वीज कमी पडते."

"तुझा बाप हेच म्हणतो. तो नापास आणि तूही नापास. खांबावरून येणारी वीज तेवढीच आहे. दोनशे तीस व्होल्ट. तिच्या वाटेत अडवणारे दोघे, एक बल्ब आणि दुसरी जमीन. जो जास्त अडवतो त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. माती ओली असली की जमीन फार अडवत नाही, मग बल्बाला भरपूर मिळतात, तो लखलखतो. माती वाळली की?"

मंजूनं सांजोरी खाली ठेवली. "मग जमिनीच्या वाट्याला जास्त. बल्बाला थोडे."

"आणि जमिनीच्या वाट्याचे बसतात कुठं?"

ती दाराबाहेर निंबाकडे बघत राहिली. "पहारेवर," ती म्हणाली. "म्हणजे काकू, दिवा जितका मंद तितकी पहार वाईट."

"तितकी वाईट. आणि एका पहारेवर जितके बल्ब वाढवाल तितकी आणखी वाईट."

मंजू उठली आणि जुनं टपाल पुन्हा सुरू झालं. ओट्यावर जाऊन तिनं बापाला सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. मी दाराआड उभी. नानांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. लाडाची होती ना. "पोरी, दिवा मंद शे म्हणजे लाईट कमी शे. कमी लाईट कोनले मारस?" असं म्हणून ते हसले. मंजू परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी तिला जवळ घेऊन बजावलं, "तू पहारेपाशी जायचं नाही. आपल्याही नाही आणि कुणाच्याही नाही. कुणी चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. आधी कटआउट, भिंतीवरचा फ्यूज, ओढायचा, नाहीतर कोरड्या लाकडानं ढकलायचं. म्हण."

"आधी कटआउट, नाहीतर कोरडं लाकूड," ती म्हणाली. शाळेत म्हणायची तसं.

अखाजीचा दिवस उजाडला. सकाळी पितरांची घागर भरली, पुरणाचं जेवण झालं, आमरस झाला. अखाजीला आमच्याकडे पत्त्यांना मोकळीक. एरवी पानांना न शिवणारा माणूसही त्या दिवशी मांडी घालून बसतो. निंबाखाली सतरंजी पडली, गल्लीतले कर्तेसवरते बसले. मंजूचा सासरा आणि दीर खास पारोळ्याहून आले होते. व्याही आलेत म्हणून नानांनी निंबाच्या फांदीला माळ करून पाच बल्ब टांगले. पाचही त्याच एका पहारेवर. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

मला मंजू हवी होती. पण मंजू नव्हती. गल्लीच्या टोकाला भिकुबाईच्या अंगणात मोठा झोका बांधला होता, सगळ्या माहेरवाशिणी तिकडे जमल्या होत्या. गौराईची गाणी आमच्यापर्यंत ऐकू येत होती. भिकुबाई म्हणजे सत्तरीची एकटी म्हातारी, डोळ्यांनी अधू, पण हौस दांडगी. नानांनीच तिला पहार ठोकून दिली होती.

दिवेलागण झाली. पाच बल्ब लागले आणि लागल्या लागल्याच पिवळे पडले. डाव रंगला होता. बघता बघता पिवळ्याचे तांबडे झाले, आतली तार तेवढी दिसायला लागली, चुलीतल्या निखाऱ्यासारखी. व्याही हसून म्हणाले, आता पानं चाचपून खेळावी लागतील. लोक हसले. नाना उठले. त्यांनी पितळी तांब्या भरला आणि अनवाणी निंबाकडे निघाले. बुडाशी दुपारचा चिखल होताच.

मी मागे वळून बघितलं. नवरा गर्दीत पलीकडे बसलेला. सासूबाई झोपलेल्या. निरोप न्यायला कुणी नव्हतं. व्याही समोर, गल्ली समोर. मी उंबरा ओलांडला.

"नाना, थांबा. पहारेपाशी जाऊ नका."

बारा वर्षांत माझा आवाज त्या माणसाच्या कानावर सरळ पडला नव्हता. ते जागच्या जागी उभे राहिले. विजेला भिऊन नव्हे, माझ्या आवाजानं. सगळ्यांची पानं हातात राहिली. कुणीतरी खाकरलं. नाना वळले तेव्हा त्यांचं तोंड रागानं काळंठिक्कर पडलं होतं. मी त्यांना बोलू दिलंच नाही. तशीच ओट्यावर चढले आणि भिंतीवरचा कटआउट ओढून काढला. अंगणात अंधार झाला.

आमचं अंगण विझलं तेव्हा गल्ली दिसली. दोन्ही अंगांनी, दारोदारी, बल्ब तांबडे होऊन लोंबत होते. सणाचा दिवस, प्रत्येकानं एखादा जास्तीचा लावलेला. आणि त्या अंधुक उजेडात एकेका दारातून कुणी ना कुणी तांब्या घेऊन बाहेर पडत होतं. नानांनी शिकवलं होतं तसं.

"हात लावू नका," मी ओरडले. पदर कुठं गेला ते मला ठाऊक नाही. "पाणी टाकू नका, कटआउट काढा."

जवळची दोन-तीन माणसं थबकली. लांबच्यांना ऐकू गेलं नाही, तिकडे गाणी चालली होती. आणि मी बघत असताना गल्लीच्या टोकाचा, भिकुबाईच्या दारातला बल्ब एकदम उजळला.

पाण्यानं बल्ब असा उजळत नाही. माती पाणी पिते, तो हळूहळू वर येतो. हा एका झटक्यात उजळला. पहारेतली वीज तेव्हाच अशी मोकळी सुटते, जेव्हा तिला जमिनीत उतरायला दुसरी वाट सापडते. ओली वाट.

माझ्या मागे नाना उभे होते. "देख," ते कुणाला तरी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात समाधान होतं, "भिकुबाईना दिवा लागना."

मी धावत सुटले. अर्ध्या वाटेवर गाणी थांबली.

भिकुबाई चिखलाच्या कडेला पडलेली होती, कण्हत होती, जिवंत होती. तिनं नंतर सांगितलं ते एवढंच. ती तांब्या घेऊन वाकली आणि पहारेनं तिला धरलं. पोरी किंचाळत मागे सरल्या. एकटी मंजू पुढे आली. कटआउट आत घरात, दाराला कडी. कोरडं लाकूड शोधायला तिनं मान वळवली होती म्हणे. मग म्हातारी ओरडली, आणि मंजूनं तिचं लुगडं धरून तिला ओढलं. म्हातारी सुटली. चिखलात मंजूचा पाय सरकला आणि ती पहारेवर पडली.

तिला सगळं येत होतं. मीच शिकवलं होतं, पहिला नंबर होता तिचा. पण समोर माणूस मरत असलं की हात थांबत नाही, हे मला कुठल्या फळ्यावर शिकवता आलं असतं? मी कडी काढून कटआउटपाशी पोहोचले तेव्हा तिच्या बांगड्या चिखलात पसरलेल्या होत्या. नव्या होत्या, लग्नातल्या.

मंजू गेल्याच्या चौथ्या दिवशी वायरमन आला. शिडी लावून वर चढला, तार जोडली, विडी ओढून गेला. गल्लीतले दिवे पूर्वीसारखे लखलखले. नानांनी निंबाखालची पहार उपटली आणि नेऊन नदीच्या डोहात टाकली. निंबही तोडला. म्हैस त्यानंतर तिथं उन्हातच बसायची.

नाना आता माझ्याशी बोलतात. सरळ, तोंडाकडे बघून. गावात कुणी नावं ठेवली तरी त्यांना ऐकू येत नाही. रोज संध्याकाळी मी बटण दाबते, ओट्यावरचा बल्ब लागतो, आणि ते तिथं बसल्या बसल्या वर बघत विचारतात, "दिवा मंद तं नही ना, बाई?"

"नाही, नाना," मी म्हणते. "बरोबर आहे."