सत्यभामाच्या गळ्यातली पोत

मित्रांनो, मी काळ्या मण्यांची एक जुनी पोत आहे. दिंद्रुडच्या बाजारात पटवेकऱ्याने मला ओवले आणि धुळाजीने लग्नात सत्यभामाच्या गळ्यात घातले. दोघे मेंढरं राखतात. ऊन-वारा मीही त्यांच्याबरोबर सोसला. बाया माझं कौतुक करायच्या, तेव्हा मला फार आनंद व्हायचा.

गेल्या वर्षी सत्यभामाच्या गळ्याला, अगदी माझ्याखाली, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिने ती पदराखाली झाकली. मला मात्र ती रोज लागायची. पण मी मुकी, सांगणार कोणाला?

शेवटी धुळाजीच्याच नजरेस ती पडली. त्याने सत्यभामाला बीडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर उज्ज्वलाताईंनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, “थायरॉइडची गाठ आहे. बारीक सुईने तिच्यातला थोडा अंश काढून तपासू.”

सत्यभामा उठून उभीच राहिली. “न्हाई बाई! सुई टोचली की गाठ पसरती. आमची जाऊ, छबुबाई, तशीच गेली.”

“त्या दवाखान्यात कधी आल्या होत्या?”

“घास गिळंना झाल्यावर.”

“म्हणजे आजार सुईच्या आधीच वाढला होता,” डॉक्टर हळुवार म्हणाल्या. “सुईने अशी गाठ पसरल्याचं अगदी क्वचित घडतं. थोडं टोचेल, जरा काळंनिळं होईल. पण गाठ साधी की कॅन्सरची, हे कळल्याशिवाय इलाज कशाचा करू?”

सत्यभामा कशीबशी आडवी झाली. पण मला काढायला तयार होईना. “नवरा समोर हाय अन् पोत काढू व्हय?”

धुळाजी पुढे आला. “म्या घातली, म्याच काढतो. पोत कवाबी घालता यील. तू राह्यली पायजे.”

मी त्याच्या मुठीत घामाने भिजले. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई नेमकी गाठीत नेली, लगेच बाहेर काढली आणि वर कापूस दाबला.

“झालं? एवढंच व्हय?” सत्यभामा म्हणाली.

तपासणीत कॅन्सर निघाला. पण वेळेत कळलं होतं. ऑपरेशन करून थायरॉइडची ग्रंथी काढली. जखम भरेपर्यंत मी पत्र्याच्या डब्यात पडून होते. कोणी माझी आठवण काढली नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. आता सत्यभामा त्या ग्रंथीऐवजी रोज सकाळी गोळी घेते आणि मला गळ्यात घालून मेंढरांमागे माळावर जाते.

मित्रांनो, आज घरी गेलात की आईच्या, आजीच्या गळ्याकडे नीट बघा. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते तपासल्यावरच कळतं. गाठ दिसली तर घरच्या मोठ्यांना सांगून त्यांना डॉक्टरांकडे न्यायला लावा. आणि त्यांना सुईची भीती वाटली, तर त्यांचा हात घट्ट धरून ठेवा.