'सोड' की 'ओढ'?

बटणाशेजारी पेन्सिलीच्या चार रेघा.

एका फळीच्या टोकाला लागलेला लाल रंग.

एक दचका, जो एका सकाळी आलाच नाही.

'स' हे अक्षर. हरवलेलं.

भुसा. सगळीकडे भुसा.

मित्रांनो, या तुकड्यांचा मेळ लागत नसेल तर दोष माझा. रेडिओला सरळ सांगायची सवय नसते. मध्येच खरखर येते, मध्येच स्टेशन सरकतं. त्यातून मी जुना, लाल, आणि एका सुताराच्या वर्कशॉपमध्ये राहणारा. माझ्या पोटात तारा कमी आणि भुसा जास्त आहे. तरी प्रयत्न करतो.

कारखान्यातल्या एका लांब टेबलावर बायकांच्या हातांनी मला जोडलं. शेवटच्या बाईने आवाजाचं बटण दहापर्यंत फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हा दहावर फाटतो. पण दहावर लावणार कोण?"

तिला ताई माहीत नव्हती.

ताई म्हणजे आमची सुतार. तिने आणि तिच्या धाकट्या भावाने मिळून वर्कशॉप काढलं. भावाला सगळे बारक्या म्हणतात. नावालाच बारक्या, दारातून येताना दोन्ही बाजूंना खांदे घासतात. ताई कापते, बारक्या जोडतो आणि पॉलिश करतो. पण खरं काम ताईचे कान करायचे. लाकडावर बोट वाजवून ती आतली पोकळी सांगायची. पातं अडकायला लागलं की करवतीचा सूर किंचित खाली येतो. तो तिला डोळ्यांच्या आधी कानांनी कळायचा आणि तिचे हात थांबायचे. हे लक्षात ठेवा.

पहिली रेघ हातकरवतीच्या काळातली. बारक्या येताजाता माझा आवाज कमी करायचा, ताई वाढवायची. शेवटी तिने कानावरची पेन्सिल काढली आणि बटणाशेजारी रेघ मारली. "इथून हलवलास तर बघ."

मग विजेची करवत आली. रेघ पाचवर. मग रंधा मारायचं मशीन आलं. रेघ सातवर.

"ताई, अगं खिडकीच्या काचा थरथरतायत."

"मग मशीनच्या वर ऐकू नको का यायला? गाण्याशिवाय माझा हात चालत नाही."

"गाणं ऐकतेयस की मशीनशी भांडतेयस?"

"तू पॉलिश कर. शहाणपणा नको पाजळू."

मी मात्र फुगलो होतो. वाटायचं, जितका मोठा आवाज तितकी माया जास्त. मित्रांनो, आयुष्यात माझं गणित एकदाच चुकलं, पण भलतंच चुकलं.

खरखर. थांबा. सकाळ राहिली सांगायची.

संध्याकाळी ताई मला आहे त्या आवाजावरच बंद करायची. सकाळी वर्कशॉप शांत असायचं. ती बटण दाबायची आणि मी आदल्या दिवसाच्या आवाजात ओरडायचो. ती दचकायची. "आई गं! एवढा मोठा होता काल?" मग मला कमी करायची. रोज सकाळी तिचे कान रात्रभराच्या विश्रांतीने ताजे झालेले असायचे आणि रोज संध्याकाळपर्यंत दमायचे. त्या दमण्याची मोजपट्टी म्हणजे तो दचका.

पाचवर असताना दचकायची. सातवरही काही वर्षं दचकली. मग रेघ नऊवर गेली, आणि एका सकाळी मी नऊवर ओरडलो तर ती शांतपणे चहा ओतत राहिली.

मला वाटलं, सवय झाली माझी.

त्यानंतरचे काही महिने बारक्याला हसायला चांगले गेले. तो माप सांगायचा, "सात!" ताई म्हणायची, "मग ये ना आत, विचारतोस काय?" तो म्हणायचा, "सुरी दे." ती म्हणायची, "उरी काय? नीट बोल, तोंडात खिळे धरून बोलू नकोस." त्याच्या तोंडात खिळे नसायचे.

मग तो दिवस. जाड फळी चिरणं चालू होतं. ताई पुढे ढकलत होती, बारक्या पलीकडून फळीला आधार देत होता. पातं अडकायला लागलं. करवतीचा सूर खाली आला. ताईला ऐकू आला नाही. कसा येणार? मीच तिच्या मागच्या कपाटावर बसून नऊवर गात होतो.

बारक्या ओरडला, "सोड! ताई, सोड!"

ताईने फळी ओढली.

अडकलेली फळी मागे ओढायची नसते, मित्रांनो. पात्याने ती उचलली आणि फेकली. ताईच्या कमरेला चाटून ती थेट माझ्यावर आली. माझी एरियल मोडली, कोपरा फुटला, गाणं तुटलं. बारक्याने करवत बंद केली.

"सोड म्हणालो ना मी!"

"मला 'ओढ' ऐकू आलं," ताई म्हणाली. मग ती फळीच्या टोकाला लागलेला माझा लाल रंग बघत बसली. "बारक्या, तू 'सात' म्हणायचास ना रे? 'आत' नाही."

कान तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, की 'स', 'श' असले बारीक आवाज आधी जातात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर तिथला आवाज कानांना जास्त आहे असं समजा. बारक्याने कानांवर घालायच्या दोन जाड वाट्या आणल्या, पट्टीने जोडलेल्या.

दुसऱ्याच दिवशी ताईने वाट्यांच्या आत फोनचे इअरफोन घातले. करवत सुरू झाली तसा गाण्याचा आवाज चढवत गेली. बारक्याने करवत बंद केली, वाट्या काढून स्वतःच्या कानांवर धरल्या आणि लगेच दूर केल्या.

"ताई, चोराला दाराबाहेर ठेवलंस आणि खिडकीतून आत घेतलंस. मशीन बंद असताना जेवढं गोड लागेल तेवढंच लाव. नंतर वाढवायचं नाही."

"मग ऐकू येणार नाही."

"मग नको ऐकूस! मला बहीण पाहिजे, गाणं नको."

ताईने इअरफोन खिशात टाकले, नुसत्या वाट्या घातल्या आणि फळी लावली. करवतीचा आवाज तिच्यापर्यंत लांबून यावा तसा येत असावा. अर्ध्यावर सूर खाली आला. ताईचे हात थांबले.

"आला," ती म्हणाली. "बारक्या, ऐकू आला मला."

आता माझ्या एरियलच्या जागी साधी तार आहे, आणि मशीन चालू असताना मी बंद असतो. मला शांत बसवत नाही, खोटं कशाला सांगू? मग चहाच्या वेळी ताई मला पाचवर लावते. त्याहून कमी तिला नीट ऐकू येत नाही. बारक्या माझ्याकडे पाठ करून बसतो, पण बटणाला हात लावत नाही.

मित्रांनो, मला फार मोठा लावू नका. तुमच्या आजूबाजूला मशीन गरजत असेल तर आधी कान झाका. माझा आवाज त्याच्यावर चढवावा लागत असेल तर मला बंदच करा. मी रुसणार नाही. उद्या लावलंत की आज राहिलेलं सगळं गाईन. फक्त ते ऐकायला तुम्ही असा.

पहिली रेघ तीनवर आहे. ती मारली तेव्हा बारक्या म्हणाला होता, "ताई, जरा हळू कर."