देवघरातला ओप्वातेक

मी बोलतोय ते देवघरातून. समईच्या डाव्या हाताला, दत्ताच्या तसबिरीला टेकून एक पांढरं पाकीट उभं आहे ना, त्यातला मी. हात जोडू नका. मी देव नाही. या घरात तसा गैरसमज झाला होता आणि दोन आठवडे मी तो गपगुमान सहन केला.

माझं नाव ओप्वातेक. मूळचा पोलंडचा, तिथला नाताळचा पापड म्हणा हवं तर. मैदा आणि पाणी, बस्स. मीठ नाही, साखर नाही. दोन तापलेल्या लोखंडी साच्यांत मला असं दाबलं, की अंगावर आई-बाळाचं चित्र उमटलं आणि अंगातली जाडी पार निघून गेली. आमच्या कारखान्यात एकदा खिडकी उघडी राहिली, तर माझे दोनशे भाऊ वाऱ्यावर उडाले आणि तीन गावांपलीकडे बर्फ पडला म्हणून शाळांना सुट्टी मिळाली. खोटं वाटत असेल तर तिथल्या पोरांना विचारा.

एवढ्या पातळ अंगाला सुखदुःख फारसं लागत नाही. ट्रकमध्ये गारठलो, कळलं नाही. नेदरलँड्समध्ये उतरवलं, तेही कळलं नाही.

हे घर ज्या गावात आहे त्या उइटहॉर्नपासून बसने वीस मिनिटांवर ग्राझिनाबाईंचं पोलिश दुकान आहे. डिसेंबरात तिथे पाय ठेवायला जागा नसते. वर सॉसेजच्या माळा, खाली आंबवलेल्या कोबीचा पिंप, आणि मध्ये हरितगृहात दिवसभर फुलं तोडून आलेली माणसं, गावाकडच्या वासाला नाक लावून उभी. कोपऱ्यातल्या टबात नाताळच्या जेवणासाठीचे जिवंत कार्प मासे. त्यातला एक मला सांगायचा, की त्याच्या चुलत्याला एका घरी नाताळाआधी बाथटबमध्ये सोडलं, मुलांनी त्याचं नाव ठेवलं आणि मग कुणालाच सुरी धरवेना. सात वर्षं झाली. मासा टबात राहतो आणि घरचे आंघोळीला शेजारी जातात.

अशा गर्दीत एका शनिवारी मंजूषा आणि गुरुनाथ आले. मंजूषाला खसखस हवी होती. नाताळात पोलिश लोक खसखशीचे रोल करतात, त्यामुळे तिथे ती पोत्याने असते. हिला मात्र खिरीसाठी हवी होती. तिची आई चोवीस नोव्हेंबरला पुण्यात वारली. चोवीस डिसेंबरला महिना होणार, आणि आईला खसखशीची खीर आवडायची.

"अर्धा किलो पुरेल?" गुरुनाथने विचारलं.

"पुरेल."

"की एक घेऊ?"

"घे."

एवढंच. दोघं असे उभे होते, जणू एकाच बसची वाट पाहणारे दोन अनोळखी प्रवासी. ती रांग सोडून बाहेर थांब्यावर गेली. ग्राझिनाबाईंनी काचेतून तिच्याकडे पाहिलं, मग याच्याकडे, आणि खसखशीच्या पुड्यावर मला ठेवलं.

"भांडण?" बाईंनी त्यांच्या डच-इंग्रजी खिचडीत विचारलं.

"नाही, नाही. तिची आई गेली."

"मग हा घे. घराला एक. चोवीस तारखेला पहिला तारा दिसला की तू एक टोक धर, ती एक धरेल. मोडायचा. ज्याची चूक, त्याने आधी बोलायचं. मग खायचा. उलटं करायचं नाही."

"चूक माझीच असेल असं का धरून चाललात?"

"मी तुला गिऱ्हाईक म्हणून चार वर्षं ओळखते," बाई म्हणाल्या. "पुढचा!"

घरी पिशवी मंजूषाने रिकामी केली. माझ्या अंगावरचं चित्र तिने पाहिलं, हात धुऊन आली आणि मला देवघरात ठेवलं. पाकिटाला हळदकुंकू लावलं. मला जन्म मिळाला तो मोडण्यासाठी, आणि ही बाई मला रोज फूल वाहते! आमच्या खानदानात एवढा मान कुणाला मिळाला नव्हता आणि एवढं निरुपयोगीही कुणी ठरलं नव्हतं.

गुरुनाथला खरं ठाऊक होतं. तो रोज आंघोळ करून माझ्यासमोर उभा राहायचा, हात पुढे करायचा आणि उदबत्ती सरळ करून निघून जायचा.

देवघरात बसलं की घरातलं सगळं ऐकू येतं. खरं तर ऐकण्यासारखं काही नव्हतंच. "उद्या कचऱ्याची गाडी आहे." "डबा घे." "हीटर कमी कर." मंजूषा आई गेल्यापासून एकदाही रडली नव्हती. भाऊ अभिजितचा फोन आला तेव्हा ती एकाच सुरात म्हणाली, "ऑक्टोबरातच मी म्हणत होते जाऊन येते. गुरू म्हणाला, डिसेंबरात दोघं जाऊ, आई काही कुठे पळून जात नाहीये." मग तिने भाजी कुठली केली ते सांगितलं, त्याच सुरात.

चोवीस तारीख आली. खीर झाली, नैवेद्य ठेवला. साडेचारलाच बाहेर अंधारायला लागलं. गुरुनाथ खिडकीशी जाऊन उभा राहिला. ढग असे, की तारा सोडा, समोरचा कालवा दिसेना.

"ते बघ, तारा!" तो एकदम म्हणाला.

मंजूषाने मान वर केली. "विमान आहे ते. शिफोलला उतरतंय."

"हो."

"सगळी उतरतातच इथे."

गुरुनाथ वळला, थेट देवघराशी आला आणि त्याने मला पाकिटातून उपसलं.

"अरे, काय करतोयस? देव आहे तो!"

"मोडायचाच असतो. धर एक टोक. धर ना, मंजू."

तिने धरलं. बोटं गार होती दोघांची.  

"काय म्हणायचं असतं?" तिने विचारलं.

"ज्याची चूक त्याने बोलायचं. मी तुला थांबवलं. आणि... ऑक्टोबरात मी तिकीट पाहिलं होतं. अकरा नोव्हेंबरचं, सकाळचं. मिळत होतं. तुझ्यामागे घर कोण बघणार, म्हणून मी तुला सांगितलंच नाही."

मी मोडलो. मोठेपणा सांगत नाही, पण तो आवाज उइटहॉर्नच्या चर्चपर्यंत गेला असणार. मंजूषाने तुकडा तोंडात टाकला.

"याला चवच नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिने दुसरा तुकडा मोडला. "परत सांग."

"काय?"

"तारीख."

"अकरा नोव्हेंबर."

"परत."

"अकरा नोव्हेंबर. सकाळी."

म्हणजे तेरा दिवस मिळाले असते. ते तिने बोटांवर मोजले. अकराव्या दिवसाला बोटं पुरली नाहीत, तेव्हा तिने गुरुनाथचा हात ओढून घेतला, त्याच्या तिसऱ्या बोटाशी थांबली आणि रडायला लागली. असा आवाज मी पिंपातून, टबातून, ट्रकमधून, कुठूनच कधी ऐकला नव्हता. त्याने हात सोडवून घेतला नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. खीर वाटीत थिजून गेली.

आता माझा बोटाच्या पेराएवढा कोपरा उरलाय. माझं एक ऐका. तुमच्यापुढे कुणी असं काही मोडायला धरलं, तर देव समजून बाजूला ठेवू नका. चवीवर जाऊ नका. एक टोक धरा.

उद्या सकाळी मंजूषा नैवेद्याबरोबर मलाही बाल्कनीत ठेवणार आहे. कावळा नाही आला, तर इथले डोमकावळे कशालाही नाही म्हणत नाहीत. आत्ता दोघं शेजारी बसलीत आणि तिने त्याचं ते तिसरं बोट अजून धरून ठेवलंय.