पाच वाजेपर्यंतची खाट

नोलाने ओलं पोतं रेडिएटरच्या झाकणावर टाकलं, तोंड बाजूला केलं आणि झाकण फिरवलं. वाफ आलीच नाही. म्हणजे आत उकळायलासुद्धा पाणी उरलं नव्हतं.

“सकाळपासून तिसऱ्यांदा,” डेस्पिना म्हणाली. “दर वेळी भरतेय, दर वेळी काटा लालवर.”

तिच्या उजव्या मनगटावर पांढरी पट्टी होती. तिचा नवरा स्टाव्रो गाडीत टाय लावून बसला होता. चाळीस अंशांच्या उन्हात टाय लावून वाळवंटातल्या कूबर पेडी गावाहून निघालेला म्हातारा एक तर लग्नाला चाललेला असतो, नाही तर त्याला कपडे दुसऱ्या कुणी घातलेले असतात. हमरस्त्यावरच्या या गॅरेजात तीस वर्षं काढलेल्या नोलाला एवढं कळत होतं.

“कुठवर जायचंय?”

“पोर्ट ऑगस्टा. वृद्धाश्रमात.” डेस्पिनाने आवाज खाली आणला. “याच्यासाठी खाट ठेवलीय, पाच वाजेपर्यंत. नंतर यादीतल्या पुढच्याला देणार. आठ महिने थांबलोय गं. आता माझ्याच्याने होत नाही. गेल्या महिन्यात त्याला मी चोर वाटले.” आणि तिने पट्टीचा हात पाठीमागे नेला.

सव्वादोन झाले होते. पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे दोन तास. नोलाने मनात वजाबाकी केली: दुरुस्तीला पाऊण तास, त्यावर मिनिट नाही.

तिने पाणी भरलं, इंजिन चालू केलं. पंखा फिरत होता, पट्टा ताठ होता. पाण्यात बुडबुडे नव्हते, तेल स्वच्छ होतं. जमिनीवर थेंब नव्हता.

“थर्मोस्टॅट अडकला असेल. गरम पाणी रेडिएटरकडे सोडत नसेल.”

“डोंबल!” स्टाव्रो कधी उतरला ते कुणालाच कळलं नव्हतं. त्याने रेडिएटरच्या वरच्या नळीवर तळवा ठेवला होता. “अडकला असता तर ही गार राहिली असती. कोणी शिकवलं तुला, पोरी?”

“तुम्हीच की. मी एकोणीस वर्षांची होते. ओपलच्या खाणीवर, यंत्राखाली झोपवून, शिव्या घालून.”

“मग शिव्या कमी पडल्या.” तो खुशीत हसला. मग डेस्पिनाकडे हनुवटी करून त्याने हळूच विचारलं, “ह्या बाई कोण? गाडी त्यांची का?”

डेस्पिना रस्त्याकडे बघत राहिली.

“खालचा पत्रा काढ,” स्टाव्रो म्हणाला.

इंजिनाला दगड लागू नये म्हणून बसवलेला तो पत्रा नोलाने सोडवला. त्यातून हिरवट पाणी ओघळलं. चालत्या गाडीत वाऱ्याने उडून जायचं, थांबल्यावर पत्र्यातच लपून राहायचं. रेडिएटरच्या बुडाशी, वरून हात घातला तर जेमतेम पोचेल अशी, पाणी सोडायची पितळी तोटी होती. ती अर्ध्या आट्याने ढिली होती आणि तिच्यावरच्या लाल धुळीत बोटांच्या दोन स्वच्छ खुणा होत्या.

“हादऱ्यांनी सुटली असेल,” नोला घाईने म्हणाली.

“हादऱ्याला बोटं नसतात.”

नोलाने आधी त्याचेच हात पाहिले. स्वच्छ, नखं कापलेली. मग तो जिकडे बघत होता तिकडे पाहिलं. डेस्पिनाच्या पट्टीच्या कडेला तसाच हिरवा डाग पडला होता. या वेळी तिने हात मागे नेला नाही.

“पक्कड,” स्टाव्रो म्हणाला.

“इथेच कुठेतरी होती बाई...” नोला हत्यारांच्या पेटीत शोधत राहिली. स्टाव्रोने थोडा वेळ वाट पाहिली आणि तिच्या खिशातून डोकावणारी पक्कड काढून घेतली. टायसकट तो गाडीखाली सरकला. पितळ करकरेपर्यंत त्याने तोटी आवळली.

उठल्यावर त्याने गळ्यातला टाय सोडवला आणि डेस्पिनाचा हात हातात घेतला. पट्टीला धक्का लागू न देता त्या टायने तिची बोटं एकेक करून पुसली.

“डेस्पो,” तो म्हणाला, “आता ती हाताने सुटणार नाही.”

मग पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने दार ओढून घेतलं.

नोलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीचसुद्धा झाले नव्हते. वेळ भरपूर होता.