कटाईवाल्याची साक्ष

खोक्यांच्या कारखान्यातल्या कटाईवाल्याला उभ्या आयुष्यात कुणी मत विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं ते एकदम संसदेच्या समितीनं! कंपन्यांच्या नफ्यावरचा कर कमी करावा की नाही, यावर तिथे महिनाभर खल चालला होता. साक्षीला निघालेल्या मालकांना सोबत एक कामगार हवा होता.

"एवढा कागद वाचून दाखव," मालक म्हणाले. "कर उतरला की भरती निघेल. पहिलं नाव तुझ्या धाकट्याचं."

धाकटा भाऊ याच कारखान्यातलं काम सुटून दोन वर्षं घरी बसला होता. त्याच्यासाठी कटाईवाल्यानं कागद तोंडपाठ केला.

समितीपुढे मालक आधी बोलले, आणि वावगं काही बोलले नाहीत. शेजारच्या देशात कर निम्मा, तिकडची खोकी स्वस्त, आपली गिऱ्हाइकं पळताहेत. मग कर उतरला की माणसं घेतील, असा आपला कागद कटाईवाल्यानं घडाघडा म्हणून टाकला. सुटलो बुवा, म्हणून उठतोय तोच चष्मेवाल्या सदस्यबाई म्हणाल्या, "बसा हो, घाई काय आहे?"

झाली का पंचाईत! प्रश्न विचारतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तीन वर्षांपूर्वी कर थोडा उतरवला होता. तेव्हा कारखान्यात नवीन काय आलं?"

"कटाईचं मशीन, बाई. एकदम झकास." मशीनचा त्याला अभिमानच होता.

"त्यावर माणसं किती?"

"मी एकटा."

"आणि आधी त्या कामाला?"

मालकांनी घसा खाकरला. आठवत नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ज्यांच्या खांद्याला खांदा लावून अकरा वर्षं काम केलं, ती माणसं आठवत नाहीत असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

"पाच. चौघांना काढलं. मशीन नसतं तर कारखानाच बसला असता, हेही खरं. पण कर उतरला म्हणून माणसं घेतली, असं काही आमच्याकडे झालं नाही."

परतीच्या गाडीतून उतरताना मालक एवढंच म्हणाले, "भावाचं आता विसर."

घरी धाकटा टीव्हीसमोर बसला होता. त्यानं सगळं थेट पाहिलं होतं.

"माझं चुकलं का रे?" कटाईवाल्यानं विचारलं.

"खरं बोलायचं तू, दादा, आणि घरी बसायचं मी?"

भाऊ चुकीचं बोलतोय, असं कटाईवाल्याला म्हणवेना.