या वर्षी नक्की

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या पेलिकन्स या बास्केटबॉल संघाचं वेळापत्रक जुलैमध्ये जाहीर व्हायचं, आणि ते जाहीर होईपर्यंत नोलीन प्रिचर्डच्या घरात कुणीही कुठलीही तारीख ठरवायची नाही असा नियम होता. मग तो दातांचा डॉक्टर असो नाहीतर गाडीचं सर्व्हिसिंग. नवरा केल्विन गेलं वर्षभर गुडघ्याने लंगडत होता. हॉस्पिटलमधून ऑपरेशनच्या तारखेसाठी फोन आला, तर तो बिचारा म्हणाला, "बास्केटबॉलवाल्यांनी अजून काही कळवलं नाही हो." पलीकडच्या नर्सने आदराने विचारलं, "तुम्ही खेळता?"

वेळापत्रक आलं की नोलीन फ्रिजवरच्या कॅलेंडरपुढे उभी राहायची. घरच्या मैदानावरच्या सामन्यांना निळं चुंबक, बाहेरगावच्या सामन्यांना पिवळं. मधे जी जागा उरेल तिच्यात प्रिचर्ड कुटुंबाने जगायचं. केल्विनचा एक चुलतभाऊ नेमका होबार्टविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी वारला, तेव्हापासून त्या लोकांशी नोलीनचं बोलणं जरा तुटकच होतं.

संघ जिंकत असता तर हे सगळं शोभूनही दिसलं असतं. पण पेलिकन्स गेल्या बावीस वर्षांत फायनलच्या जवळपासही फिरकले नव्हते. बहुतेक वर्षी ख्रिसमसचा केक संपायच्या आत त्यांचा कारभार आटपलेला असायचा.

म्हणूनच हॉलमधल्या बारा नंबरच्या स्टँडमध्ये बसणाऱ्या मंडळींनी, म्हणजे नोलीननेच, एक प्रथा पाडली होती. वेळापत्रकानंतरच्या रविवारी त्यांच्यातल्याच मर्व टकवेलच्या अंगणात बार्बेक्यू व्हायचा. सॉसेज पावात कोंबून, वर कांदा घालून खाऊन झाले की प्रत्येकाने आपापलं कॅलेंडर आणायचं, आणि सगळ्यांच्या देखत मार्चमधल्या फायनलच्या आठवड्यावर जाड लाल पेनाने फुली मारायची. फुली मारताना म्हणायचं, "या वर्षी नक्की!" हेच शब्द नोलीनने पहिल्या सीझनला एका लांबलचक कापडावर स्वतः शिवले होते, आणि ते कापड दर सामन्याला स्टँडच्या कठड्याला बांधलेलं असायचं. एकदा एक नवखा अकाउंटंट फुली मारताना म्हणाला, "आधी डिसेंबर तरी बघू या." त्यानंतर त्याच्याशी कुणी बोलेना. पुढच्या सीझनला तो आपणहून चौदा नंबरच्या स्टँडमध्ये गेला.

या वर्षीच्या फुल्या मारून झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी नोलीनची मुलगी टॅम्सिन कॅलेंडरपुढे येऊन उभी राहिली. तिचं आणि जॅरडचं लग्न ठरलं होतं. हंटर व्हॅलीतल्या एका द्राक्षमळ्यात करायचं होतं आणि मळेवाल्याला तारीख हवी होती.

"तूच सांग आई. नंतर कटकट नको."

नोलीनने चुंबकांवरून बोट फिरवलं. हा शनिवार ब्रिस्बेन. हा अ‍ॅडलेड. मधला एक मोकळा आठवडा केल्विनच्या गुडघ्याला दिलेला.

"मग हा?" टॅम्सिनने बोट ठेवलं ते थेट लाल फुलीवर.

नोलीनने आधी केल्विन बाहेर गवत कापतोय याची खात्री करून घेतली. मग हळूच म्हणाली, "ठेव."

"आई, फायनलचा आठवडा आहे तो."

"दिसतंय मला. ठेव म्हटलं ना. ख्रिसमसपर्यंत गाशा गुंडाळतील मेले."

टॅम्सिन तिच्याकडे बघतच राहिली. "काल मर्वच्या अंगणात छातीवर हात ठेवून ओरडत होतीस!"

"अंगणातलं बोलणं वेगळं, घरातलं वेगळं. आणि हे बाहेर कुठे बोलायचं नाही."

"म्हणजे मी सात वर्षांची असताना, तोंडाला निळा रंग फासून, ते हरले म्हणून गाडीत ढसाढसा रडायचे, तेव्हाही तुला माहीत होतं?"

"तू लहान होतीस गं," नोलीन म्हणाली. "लहान मुलांना असलं काही सांगायचं नसतं."

मळ्याला आगाऊ रक्कम गेली, आणि पेलिकन्स जिंकायला लागले.

पहिले दोन सामने जिंकले तेव्हा नोलीन खुशीत होती. पाचवा जिंकला तेव्हा ती फ्रिजपुढे जाऊन लाल फुलीकडे बघत उभी राहिली. ख्रिसमसला संघ दुसऱ्या क्रमांकावर होता आणि आख्खं शहर निळे टीशर्ट घालून हिंडत होतं. बावीस वर्षं ज्यांनी पेलिकन्सच्या नावाने नाकं मुरडली, ते बेकरीवाले आता निळं आयसिंग लावलेले बन विकत होते. नोलीन घसा फोडून ओरडायची, पण आतून मात्र दर आठवड्याला कोणाचा तरी घोटा मुरगळावा असं तिला वाटायचं. एका सामन्यात सिडनीच्या पोराने लांबून बॉल टाकून बरोबरी साधली, तेव्हा तिच्या तोंडून चक्क 'हुश्श' निघालं.

"काय गं?" शेजारून मर्वने विचारलं.

"घसा बसलाय."

त्यात लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. मर्व आणि त्याची बायको शर्ल यांना बोलावणं भागच होतं, टॅम्सिन त्यांच्या मांडीवर वाढलेली. पण पत्रिकेवर तारीख छापलेली. नोलीनने त्यांचं पाकीट चमच्यांच्या खणात टाकून दिलं आणि टॅम्सिनला सांगितलं की हल्ली पोस्टाचा काही भरवसा नाही.

सेमीफायनल जिंकली त्या रात्री पार्किंगमध्ये बारा नंबरवाले गळ्यात गळे घालून रडले. नोलीनही रडली, आणि तिच्या रडण्याचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं. अंतिम सामना शनिवारी, आपल्याच हॉलमध्ये. सकाळ होताच ती टॅम्सिनच्या दारात उभी.

"एक आठवडा पुढे ढकल ना, राजा."

"नाही."

"मग लग्न सकाळी लावू. जेवणं झाली की मी निघते. संध्याकाळपर्यंत पोचेन. बाबा थांबतील की!"

टॅम्सिनने चहाचा मग खाली ठेवला. "जायचं तर जा. पण आईची तब्येत बिघडली वगैरे मी सांगणार नाही. माईक हातात घेऊन सांगेन की ही तारीख आईनेच दिली, कारण पेलिकन्स हरणार याची तिला खात्री होती. मर्वच्याही कानावर जाईल."

नोलीन गाडीत येऊन बसली. मुलगी गमावायची की स्टँडमधली इज्जत, असं कोडं पडल्यासारखं तिला वाटत होतं, आणि आपल्याला ते कोडं वाटतंय याचीच तिला लाज वाटली. उशिरा का होईना, वाटली.

तिने घरी जाऊन मर्वला फोन लावला. आधी कपडे धुवायच्या खोलीत दार लावून दोनदा तालीम केली होती. "मर्व, मी शनिवारी नाहीये. टॅम्सिनचं लग्न आहे. तारीख मीच दिली होती. घाल काय शिव्या घालायच्यात त्या."

पलीकडे मर्वने टीव्हीचा आवाज बंद केला. मग मर्व म्हणाला, "आम्ही पण नाहीये गं."

"म्हणजे?"

"बोटीवर. फिजी. शर्लने ऑगस्टमध्येच बुक केलंय. बार्बेक्यूनंतर लगेच."

नोलीनला आधी इतकं हलकं वाटलं की ती वॉशिंग मशिनवर बसली. मग तिचं डोकं सणकलं. "लाज नाही वाटत? अंगणात उभा राहून फुली मारतोस, आणि इकडे बोटीची तिकिटं काढतोस!"

"फुली मारायला तूच शिकवलंस, नोलीन. आणि ऐक, मागच्या रांगेतले तिघे भाऊ मासेमारीला चाललेत, आणि झेंडेवाल्या बाईने मोतीबिंदूचं ऑपरेशन ठेवलंय. मला सगळे फोन करून रडतायत. बारा नंबरमधून शनिवारी एकही माणूस येत नाहीये."

सीझन पासवाल्यांनी फायनलची आपली जागा बुधवारपर्यंत पक्की करायची असते. ती कुणीच केली नाही. गुरुवारी सकाळी त्या जागा लोकांसाठी खुल्या झाल्या आणि चहा गार व्हायच्या आत संपल्या. कठड्याला बांधलेलं कापड सोडून आणायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

लग्न छान झालं. केल्विन नव्या गुडघ्यावर ताठ चालत मुलीला घेऊन आला. नोलीन पहिल्या खुर्चीवर बसली होती, आणि शपथा चालू असताना तिने एकदाही पर्समधल्या फोनला हात लावला नाही. तिला खरोखरच भरून आलं होतं. तिने ते लपवलंही नाही.

जेवणाच्या शेडमध्ये भिंतीवर टीव्ही होता आणि जॅरडच्या मामालोकांनी तो लावला होता. केक कापायच्या वेळी शेवटचं मिनिट चालू होतं, म्हणून केक थांबला. पेलिकन्स एका गुणाने जिंकले. शेडमध्ये एकच गिल्ला झाला. केल्विन गुडघा विसरून नाचला. नोलीन खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली.

मग कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरत फिरत बारा नंबरवर आला. कठड्यावर तिचं कापड, तिच्या हाताच्या टाक्यांनी शिवलेलं: या वर्षी नक्की. आणि मागे, बरोबर तिच्या खुर्चीवर, एक लालबुंद माणूस उड्या मारत होता. अंगात कोरा टीशर्ट, बगलेत अजून किमतीची चिठ्ठी लोंबत होती. बातमीदार बाईने त्याच्यापुढे माईक धरला.

"इतकी वर्षं हे कापड इथे आहे म्हणतात. कसं वाटतंय आज?"

त्याने कापडावर हात ठेवला, डोळे पुसले. "आमचा पहिल्या दिवसापासून विश्वास होता!"

"खोटारडा!" नोलीन ओरडली. शेडमधले सगळे वळून बघायला लागले. "मेला खोटारडा! ती माझी जागा आहे!"

टॅम्सिन पांढऱ्या पोशाखात, हातात केकची सुरी घेऊन तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"असेल खोटारडा," ती म्हणाली. "पण आई, आजचं तिकीट त्याने काढलं."