गोमलीचा हिंगोलीतला सामना

सव्वीस जानेवारीचा प्रदर्शनी सामना हिंगोलीत ठरल्याचं मॅनेजर व्यंकटरावांनी सांगितलं, तेव्हा वसतिगृहातल्या पोरींनी टाळ्या पिटल्या. "गोमली, तुझं गाव की गं! आता जेवण तुझ्याकडं!" म्हणत गोलकीपर अफसानानं तिच्या पाठीत धपाटा घातला. गोमली हसली, आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून खाली बसली.

गोमली थावरा आडे कळमनुरीजवळच्या बंजारा तांड्यावरची. आश्रमशाळेत खेळाचे मास्तर गुलाम नबी सर यांनी तिला पोरांच्या फुटबॉल संघात घुसवलं होतं. चेंडू पायाशी येण्याआधीच तो कुणाला द्यायचा हे या पोरीला दिसतं, असं ते ज्याला त्याला सांगत सुटायचे. विभाग झाला, राज्य झालं, आणि पुढं पुण्याकडच्या एका क्लबानं तिला पगारावर घेतलं. मधली फळी तिच्या भरवशावर चालायची. मार्चमध्ये देशाच्या संघाचं शिबिर होतं आणि त्यासाठी तिचं नाव जाणार, असं खुद्द व्यंकटराव बोलले होते.

पण क्लबात लग्न झालेली पोरगी ठेवत नसत. "लग्न झालं की पोरगी अर्धी मैदानात अन् अर्धी घरात," व्यंकटराव म्हणायचे. "मला अख्खी पाहिजे."

आणि गोमलीचं लग्न होऊन दोन वर्षं होत आली होती. नवरा संतराम कळमनुरी-हिंगोली रस्त्यावर जीप चालवायचा. दिवस गेले तेव्हा तिनं गुडघा दुखावल्याचं सांगून गावी मुक्काम केला. गणपतीत मुलगी झाली, पूजा. ती अडीच महिन्यांची झाली तशी याडीच्या, आपल्या आईच्या, ओटीत टाकून गोमली परत आली. "खेळ तू. लेकराचं आमी बघतो," संतराम म्हणाला होता. छातीत दूध दाटलं की ती न्हाणीघरात नळ सोडून पिळून टाकायची आणि दात आवळून सरावाला उभी राहायची. क्लबात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हिंगोलीत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी तिनं कळमनुरीच्या एसटीडीवर फोन लावून संतरामला बोलावून घेतलं.

"तुमी सामन्याला येऊ नका. बाला सांगा, याडीला सांगा. तांड्यातलं एक माणूस यायला नको."

"अन् पुजीला?"

"न्हाई."

"एवढ्या जवळ येऊन राहिली तू. लेकराला बघावं वाटत न्हाई का तुला?"

"पाया पडते तुमच्या. कोणी माझं नाव जरी काढलं तरी माझा खेळ संपला."

मग संतराम म्हणाला, "बरं. न्हाई येणार कोणी," आणि फोन ठेवला.

सामन्याच्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. गोमलीनं जुन्या लुगड्याची पट्टी छातीला करकचून बांधली होती. पहिल्या मिनिटापासून ती अशी खेळली की जणू थांबली तर कुणीतरी येऊन विचारेल. समोरच्या दोघींच्या मधून चेंडू काढून तिनं डावीकडं दिला, त्यावर पहिला गोल झाला. दुसऱ्या अर्ध्यात तिच्याच पासवर दुसरा. लोक तिच्या नावानं ओरडत होते. चेंडू बाहेर गेला म्हणून ती धापा टाकत वळली, आणि कुंपणापलीकडं, माणसांच्या मागं तिला आरसे लावलेली लाल ओढणी दिसली. रूपाबाई, तिची आई. कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. शेजारी मान खाली घालून संतराम.

गोमलीनं नजर फिरवली ती शेवटची शिट्टी होईपर्यंत त्या बाजूला पुन्हा वळवली नाही.

सत्कारासाठी दोन्ही संघ मांडवासमोर उभे केले. हार झाले, नारळ झाले. मग माइकवाल्यानं पुकारलं, "आता गोमलीताईंचे गुरू गुलाम नबी सर दोन शब्द बोलतील."

निवृत्त झाल्यावर सर नांदेडला मुलाकडं गेले, एवढंच तिनं ऐकलं होतं. त्यांना निरोप द्यायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सर काठी टेकत माइकपाशी आले. गोमलीकडं बघूनच त्यांचे डोळे भरले. "मंडळी, तुम्ही दोन गोल पाहिले. मी काय पाहिलं, ते सांगतो. इथं आल्यावर कळलं मला, ही पोरगी चार महिन्यांची बाळंतीण आहे! घरी अंगावर पिणारं लेकरू ठेवून ही आज इतकी पळाली. एवढी तकलीफ कोण सोसतं? आहे कोणी मर्द तुमच्यात?"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. व्यंकटराव खुर्चीतून उठले आणि सावकाश चालत तिच्यासमोर येऊन उभे राहिले. टाळ्या आपोआप थांबल्या.

"काय म्हणतायत हे, गोमली? खरं आहे?" ते हळू विचारायला गेले, पण माइक जवळच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं.

"न्हाई, साहेब."

"लेकरू नाही तुला?"

"न्हाई. लग्नच न्हाई झालं माझं. सरांचं वय झालंय. चुकून राहिले ते."

कुंपणाशी तांड्याच्या आसपासच्या गावांतली माणसं होती. कोणी हसलं, कोणी एकमेकांकडं बघू लागलं. सर काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, आणि मग हळूहळू त्यांना सगळं उमगत गेलं. त्यांनी माइक पुन्हा ओढला.

"माफ करा, मंडळी. माझीच गलती. ती दुसरी पोरगी. म्हातारा झालो आता, नावं ध्यानात राहत नाहीत."

पोरांचं एक टोळकं खिदळलं. "सर, घरी जावा, गोळ्या घ्या!" कोणीतरी ओरडलं. पोराटोरांना शिस्त लावण्यात ज्यांची हयात गेली ते सर मान खाली घालून, काठी चाचपडत मांडवातून उतरले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून पुजी रडायला लागली. भुकेचं, टिपेचं रडणं. गोमलीनं मुठी आवळल्या, जीभ चावली. पण छातीला कळ आली, पट्टी भिजली, आणि पांढऱ्या शर्टावर दोन ओले डाग पसरत गेले. अफसाना आधी तिच्या चेहऱ्याकडं आणि मग शर्टाकडं बघत राहिली. तिनं अंगातलं जॅकेट काढून गोमलीच्या खांद्यावरून पुढं ओढलं आणि तिला बसकडं नेलं. व्यंकटरावांनी तेवढ्यात पाठ वळवली होती.

बस औंढ्याच्या रस्त्याला लागली तसे ते गोमलीच्या शेजारी येऊन बसले.

"मी दोन पोरींचा बाप आहे, गोमली. मला दिसतं." त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. "हंगाम संपेपर्यंत मी काही पाहिलं नाही, असं धर. त्यानंतर तू आमच्याकडं नाहीस. आणि शिबिराला तुझं नाव जाणार नाही."

"साहेब, मी आज कुठं कमी पडले का?"

"नाही. आज तुझ्या तोडीचं मैदानात कोणी नव्हतं," ते म्हणाले आणि उठून पुढच्या सीटवर गेले.

औंढ्याला चहासाठी बस थांबली. पोरी खाली उतरल्या, परत चढल्या. गोमली टपरीच्या बाकड्यावरून उठलीच नाही. अफसाना बॅग घेऊन धावत आली. "चल ना गं. दोन महिने तरी खेळ." गोमलीनं मान हलवली. अफसानानं बॅग तिच्या पायाशी ठेवली, जॅकेट तिच्याच अंगावर राहू दिलं. बस निघून गेली.

दोन जीपगाड्या बदलून ती दिवेलागणीला तांड्यावर पोचली. रूपाबाईनं पुजीला तिच्या मांडीवर दिलं. पुजीनं या अनोळखी बाईकडं बघितलं आणि आकांत मांडला. तोंडाला लावलं तर मान फिरवून आजीकडं झेपावू लागली. संतराम उंबऱ्यावर उभा होता.

"कोणाकडं आली तू?" त्यानं विचारलं. "इथं तुझं कोणी न्हाई ना?"

गोमली लेकराला छातीशी धरून बसली. लेकरू रडून रडून थकलं, आणि भुकेपोटीच शेवटी प्यायला लागलं. मध्येच दचकून थांबायचं, हुंदका द्यायचं, पुन्हा प्यायचं.

सकाळी संतराम जीप पुसत असताना ती पुजीला घेऊन बाहेर आली.

"सर कुठं उतरलेत, ठाऊक आहे का तुमाला?"

"हिंगोलीत. बहिणीकडं." तो जीप पुसतच राहिला. "काल त्यांना मीच सोडलं. रस्ताभर मान वर केली न्हाई त्यांनी."

"मला न्या तिथं."

"काय सांगणार जाऊन?"

"ते न्हाई ठाऊक."

संतरामनं फडकं खांद्यावर टाकलं. तिच्याकडं न बघताच त्यानं पुढचं दार उघडलं, आणि ती बसेपर्यंत पुजीला आपल्या हातात घेतलं.